कोकणातल्या घरात छपरातून उजेड घ्यायचाय? काचेचं कौल, पारदर्शक पत्रा की स्लॅबमधली काच, आणि न गळता कसं बसवायचं

कोकणातली जुनी घरं आतून काळोखी असतात. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परत पडवी, आणि वळचण इतकी खाली आणलेली की वाकून आत यावं लागतं, कारण भिंतीला पाऊस लागू द्यायचा नव्हता. ते बरोबरच होतं, पण त्यामुळे मधल्या खोलीला बाहेरची भिंतच उरत नाही, आणि आषाढात भर दुपारी माजघरात लाइट लावावी लागते आणि नेमकी तेव्हाच ती गेलेली असते. गणपतीत चाकरमानी येतात, बायका दिवसभर स्वयंपाकघरात, आणि तिथे भाजी निवडायलासुद्धा दिसत नाही. अशा खोलीत उजेड आणायची खरी वाट एकच, वरून.

आता स्कायलाइट, म्हणजे छपरातली उजेडाची जागा, म्हटलं की बहुतेक लोक थेट दुकानात जातात आणि काच घ्यायची की शीट यावर बोलणं सुरू होतं. माझं ठाम मत आहे की कोकणात आधी पाणी बघायचं, मग ऊन, आणि काय बसवायचं ते सगळ्यात शेवटी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आंबोलीसारख्या ठिकाणी तर दुपटीच्या आसपास. देशावर जे फिटिंग दहा वर्षं गळत नाही ते इथे पहिल्याच मृग-आर्द्रात गळतं, आणि तो माल वाईट असतो म्हणून नाही तर जागा चुकलेली असते म्हणून.

जागा कुठली धरायची

छपरावर पडलेलं पाणी आढ्याकडून वळचणीकडे येतं आणि येता येता वाढत जातं, म्हणजे आढ्याजवळ पाण्याचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली वळचणीला धार. म्हणून उजेडाची जागा जमेल तितकी वर, आढ्यापासून दोन-तीन ओळी खाली. अगदी आढ्याला चिकटून नको, तिथे कोन्यांचा (आढ्यावरच्या कौलांचा) चुना-सिमेंट असतो आणि तो हलला की दुसरंच गळायला लागतं. वरच्या जागेचा आणखी एक फायदा म्हणजे उंचावरून आलेला उजेड खोलीभर पसरतो, खालच्या ओळीतलं काचेचं कौल फक्त स्वतःच्या खालचा तुकडा उजळतं. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) जिथे आत मिळतात आणि पत्र्याची पन्हळ असते, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट काहीही बसवू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी नको. सगळ्या छपराचं पाणी तिथेच येतं आणि पाला अडकला की ते उलटं चढतं.

मग दिशा. आपल्याकडे पश्चिमेचं पाखं सगळ्यात वाईट, दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच आणि पावसाळी वाराही पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच, म्हणजे ताप आणि गळती दोन्ही एकाच बाजूला. उत्तरेचं पाखं सगळ्यात चांगलं, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे तिकडून मऊ, सारखा उजेड मिळतो. फक्त मे महिन्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो (रत्नागिरीच्या पट्ट्यात साधारण ७-८ मेच्या सुमारास) आणि नंतर थोडा उत्तरेकडेच सरकतो, त्यामुळे मे महिन्यात उत्तरेलाही ऊन लागतंच, पुढे जून-जुलैत ढगच असतात म्हणून चालून जातं. उत्तर नसेल तर पूर्व. सकाळचं ऊन आत आलं तर बरंच वाटतं.

माडाखाली काच नको. नारळ पडला तर काय होतं ते सांगायला नको, पण नुसती सुकलेली झावळ वाऱ्याने आली तरी कौल जातं. आंबा-फणसाखाली फुटायची भीती कमी, पण पाला, चीक आणि शेवाळ इतकं बसतं की दोन पावसांत काच हिरवी होते आणि उजेड संपतो.

खोलीतही बघून घ्या खाली काय येतंय. पलंग, टीव्ही, तांदळाची कणगी, इलेक्ट्रिकचा बोर्ड यांच्या बरोबर वर नको. आणि माजघरावर माळा असेल तर कौलातून आलेला उजेड फक्त माळ्यालाच मिळणार, ही गोष्ट किती जणांच्या लक्षातच येत नाही. तिथे एक तर माळ्याच्या दोन फळ्या काढून भोवती कठडा करायचा, नाहीतर आतून चकचकीत असलेला नळा घालायचा ज्याला सन टनेल म्हणतात. दहा ते चौदा इंच व्यासाचा नळा छपरापासून माजघराच्या छतापर्यंत उतरवतात. महाग आहे पण ज्या खोलीवर माळा आहे तिथे त्याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.

आधी कौल काढून बघा

कौलारू घराची ही केवढी मोठी सोय आहे आणि आपण ती वापरतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये, आभाळ स्वच्छ असताना, जिथे उजेड हवाय तिथलं एक कौल काढून टाका आणि दिवसभर राहू द्या. सकाळी नऊला उजेडाचा चौकोन कुठे पडतो, बाराला कुठे, तीनला कुठे, जमिनीवर खडूने खूण करत जा. चौकोन भिंतीवर पडत असेल तर उत्तम, पांढरी भिंत तोच उजेड सगळ्या खोलीत परत टाकते. बाराचा चौकोन बरोबर ओट्यावर जिथे बाई उभी राहते तिथे येत असेल तर एक वासा सोडून बाजूला घ्या, मे महिन्यात तिथे उभं राहवणार नाही. संध्याकाळी कौल परत जागेवर. हे सगळं फुकट आहे आणि इंजिनीअरच्या कुठल्याही नकाशापेक्षा जास्त सांगतं.

किती हवं? खोलीच्या क्षेत्रफळाच्या तीन ते पाच टक्के उघडा भाग पुरतो, आपल्या उन्हात त्याहून जास्त घेतलंत तर खोली भट्टी होईल. मंगलोरी कौल साधारण सोळा बाय दहा इंचाचं, पण एकावर एक चढतात त्यामुळे एका कौलाचा उघडा भाग पाऊण चौरस फुटाच्या आसपास. बारा बाय बाराच्या माजघराला हिशोबाने सहा ते दहा काचेची कौलं येतात. पण मी म्हणेन चार लावा आणि एक पावसाळा काढा. कमी वाटलं तर पुढच्या वर्षी वाढवता येतात, आणि चारही एका जागी घोळक्याने न लावता लांब-लांब लावा म्हणजे खोलीत एक झगमगीत तुकडा आणि बाकी काळोख असं होत नाही.

काचेचं कौल

साध्या कौलारू घराला माझं पहिलं मत याचंच. छप्पर फोडायचं नाही, वासा कापायचा नाही, सिलिकॉन नाही, पत्रा नाही, जे कौल होतं त्याच्या जागी दुसरं कौल. फुटलं तर घरातला कोणीही बदलतो. मुंबईला राहणाऱ्या आणि वर्षातून दोनदा घर उघडणाऱ्या लोकांनी तर दुसरं काही लावूच नये, कारण बंद घरात गळती सुरू झाली तर ती गणपतीपर्यंत कोणाला कळत नाही आणि तोवर वासा कुजलेला असतो.

भानगड एकच आहे, ती म्हणजे जुळणी. मंगलोरी कौलं म्हटली तरी वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची नाकं (ज्यांनी कौल खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे रिपेवर अडकतं) आणि बाजूच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात. मंगलोरला बासेल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला आणि मग किनाऱ्याने कितीतरी निघाले, प्रत्येकाचा साचा वेगळा. म्हणून दुकानात जाताना तुमच्या छपरावरचं एक कौल पिशवीत घालून न्या, पाठीवर कारखान्याचा ठसा असतो तोही बघा. दुकानातच काचेचं कौल तुमच्या कौलावर चढवा, मग तुमचं कौल काचेवर चढवा, दोन्हीकडून खाच बसली पाहिजे आणि दोघांत बोट जाईल इतकी फट राहता कामा नये. काचेत मोठे बुडबुडे, कडेला टवका, नाक अर्धवट असेल तर बाजूला ठेवा. प्लास्टिकची पारदर्शक कौलंही मिळतात, हलकी असतात, पण उन्हाने पिवळी पडतात आणि वाऱ्याने उचलली जातात, मी तरी लावणार नाही.

बसवताना दोन माणसं हवीत, एक वर आणि एक आत माळ्यावर किंवा शिडीवर. वरच्या माणसाने कौलांवर थेट पाय न देता फळी टाकून तिच्यावर वजन द्यायचं, कमरेला दोर आणि दोर आढ्यापलीकडे पक्क्या जागी बांधलेला. सकाळी दवाने कौलं ओली असतात, ऊन चढेपर्यंत थांबा. मग जे कौल काढायचंय त्याच्या वरच्या ओळीतली दोन कौलं हलकेच वर सरकवायची, बाजूचं जे कौल यावर चढलंय ते थोडं उचलायचं, आणि आपलं कौल खालच्या कडेने उचलून वर ढकललं की नाक रिपेतून सुटतं. त्या उघड्या चौकोनातून रीप नीट बघून घ्या, अशी संधी परत नाही. नखाने खरवडा, भुसा आला किंवा वाळवीची माती दिसली तर आधी रीप बदला, कारण काचेचं कौल मातीच्या कौलापेक्षा बहुतेक वेळा जड असतं. मग काच त्याच रस्त्याने उलटी आत, नाक रिपेवर टेकलं की खाली ओढून बघा, हललं नाही पाहिजे, आणि बाजूचं, वरचं कौल परत खाली. आतल्या माणसाने बघायचं की कडेने आभाळाची रेघ दिसते का. रेघ दिसली म्हणजे पाणीही येणार.

कौलाला भोक असेल तर तांब्याच्या किंवा स्टीलच्या तारेने रिपेला बांधा, साधी तार खाऱ्या हवेत टिकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरंच्या छपरं गेली ती विसरू नका.

पत्र्याचं छप्पर असेल तर

आता कितीतरी घरांवर कौलं काढून पत्रा आलाय, किंवा स्लॅब गळतो म्हणून वर पत्र्याची शेड. तिथे मधे एक पारदर्शक शीट टाकणं सोपं आहे पण ती तुमच्या पत्र्याच्या नक्षीचीच हवी, पत्र्याचा तुकडा नेऊन जुळवून घ्या. फायबरची स्वस्त शीट काही वर्षांनी वरून झिजते, आतले धागे उघडे पडतात, त्यात काळी घाण बसते. पॉलीकार्बोनेट घ्या, शक्यतो दुधी, त्याने उजेड पसरतो आणि डोळ्यावर येत नाही. त्याच्या एका बाजूला यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, अडवणारा थर असतो आणि त्या बाजूच्या फिल्मवर लिहिलेलं असतं, ती बाजू आभाळाकडे. मजूर घाईत फिल्म आधीच काढून टाकतात आणि मग कोणती बाजू वर ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून फिल्म बसवायच्या क्षणीच काढायची.

हे प्लास्टिक उन्हाने खूप वाढतं, दोन मीटरची शीट चाळीस अंशाच्या फरकाला पाच मिलिमीटरच्या आसपास. भोक स्क्रूएवढंच पाडलं तर शीट तिथून चिरते. भोक तीन-चार मिलिमीटर मोठं, वर ईपीडीएम रबराचा रुंद वॉशर, आणि स्क्रू रबर नुसतं दबेल इतकाच. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, जिथून पाणी वाहतं त्या खोलगटात नाही. वरखाली जोड किमान आठ इंच चढवा, आणि बाजूच्या जोडाचं तोंड नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पाठ करून असलं पाहिजे, म्हणजे वारा फटीत शिरत नाही. पोकळ कप्प्यांची शीट असेल तर कप्पे उताराच्या दिशेने, वरचं तोंड अॅल्युमिनियम टेपने बंद आणि खालचं तोंड छिद्रवाल्या टेपने, नाहीतर आत पाणी साचून शेवाळ धरतं आणि ते कशानेही निघत नाही. सिलिकॉन न्यूट्रलच मागा, व्हिनेगरसारखा वास येतो तो नको. आणि पारदर्शक शीटवर पाय द्यायचा नाही, जवळून जातानाही फळी टाका. शेवाळ धरलेल्या छपरावर पत्रा कुठे संपतो आणि शीट कुठे सुरू होते ते कळत नाही आणि माणसं त्यातून खाली पडून जिवाला मुकतात.

कौलात मोठी खिडकी हवी असेल तर

दोन वाशांच्या मधे मावेल तेवढीच घ्या. वासा कापू नका. कापायचाच असेल तर दोन्ही बाजूंचे वासे दुहेरी करून वर-खाली आडवं लाकूड जोडावं लागतं आणि ते चांगल्या सुताराचंच काम.

पत्र्याची किनार बसवायचा क्रम नेहमी खालून वर. आधी खालचा पत्रा, तो खालच्या कौलांच्या वर चढवायचा. मग दोन बाजूंच्या पन्हळी, त्या कौलांच्या खाली जातात आणि त्यांची बाहेरची कड आत दुमडलेली हवी म्हणजे पाणी कडेवरून वाशाकडे जात नाही. शेवटी वरचा पत्रा, तो वरच्या कौलांखाली किमान सहा-आठ इंच घुसवायचा. कुठलाही वरचा तुकडा खालच्यावर चढलेला असला पाहिजे, छपराची कौलं चढतात तसाच. हा क्रम नीट असेल तर सिलिकॉन नसला तरी पाणी आत येत नाही, आणि क्रम चुकला असेल तर सिलिकॉनच्या दहा ट्यूब ओतल्या तरी दुसऱ्या पावसाळ्यात गळणारच. गवंडी सिमेंटने फट भरतो म्हणाला तर थांबवा, सिमेंट आणि लाकूड एकत्र हलत नाहीत, चीर पडतेच.

स्लॅबमध्ये

नवीन घर असेल तर स्लॅब टाकतानाच जागा सोडा. भोवती जादा सळया आणि चारही कोपऱ्यांत तिरक्या सळया, नाहीतर कोपऱ्यातून चिरा जातात. झालेला स्लॅब फोडायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, गवंड्याच्या अंदाजाने ब्रेकर लावू नका, बीम तर नाहीच नाही.

भोकाच्या भोवती काँक्रीटचा कठडा करायचा. पुस्तकात सहा इंच म्हणतात, आपल्याकडे नऊ ते बारा करा, कारण पाल्याने आउटलेट तुंबला की गच्चीवर पाणी साचतं. वॉटरप्रूफिंग गच्चीवरून कठड्याच्या बाहेरून वर चढून माथ्यावर जाऊन संपलं पाहिजे आणि आतल्या कोपऱ्यात वाटा (गोलाई) मारलेला हवा. मग काच लावायच्या आधी भोवती पाणी साठवून दोन दिवस ठेवा. आताच गळलं तर शोधता येतं.

काच डोक्यावर येणार, म्हणून लॅमिनेटेडच. नुसती टफन काच फुटली की हजार तुकडे खाली येतात, आणि ती कधीकधी काही न लागताही फुटते. टफन करून मग लॅमिनेट केलेली घ्या, मधली फिल्म तुकडे धरून ठेवते आणि यूव्हीही अडवते. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, भोकही पडत नाही, तेव्हा कठडा तयार झाल्यावरच माप द्या आणि माप चारही बाजूंचं आणि दोन्ही तिरक्यांचं. काच सपाट नको, किमान दहा-पंधरा अंश उतार, आणि कठड्याच्या बाहेर दोन इंच पुढे आलेली म्हणजे पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडेल, भिंतीला चिकटून आत वळणार नाही. खाली स्टीलची जाळी लावून घ्या, चोरासाठीही आणि माकडांसाठीही.

समुद्राजवळ असाल तर स्क्रू-बिजागऱ्या ३१६ ग्रेड स्टीलच्या मागा, ३०४ लाही किनाऱ्यावर तपकिरी डाग येतात. जीआयचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) तर नावच नको. अॅल्युमिनियमची चौकट ओल्या सिमेंटला थेट टेकवू नका, मधे रबर किंवा टेप. उघडणारी, मोटरवाली खिडकी सुंदर दिसते पण पावसाळ्यात चार महिने बंदच राहते आणि खारी हवा मोटर खाते. हवा हवी असेल तर भिंतीत वरती जाळी ठेवा, कौलांत हवेची कौलं मिळतात तीही चालतात.

पाणी मारून बघणं

पाऊस यायच्या आधी, साधारण १५ मेच्या आत, कारण वळवाचा भरवसा नाही. पाइप घेऊन वर एक माणूस, आत एक माणूस बॅटरी घेऊन. सुरुवात खालच्या कडेपासून. तिथे दहा मिनिटं पाणी, आत कोरडं असेल तर बाजूंना दहा मिनिटं, मग वरच्या कडेला. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पाणी खालून वर मारू नका, पाऊस तसा पडत नाही, कौल तसं पाणी अडवायला केलेलंच नाही. आतल्याने नुसता थेंब शोधायचा नाही, वाशाच्या बाजूवर हात फिरवत जायचं, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि वाशावरून सरकत चार फूट खाली जाऊन टपकतं.

दरवर्षी कौलं चाळायची वेळ येते तेव्हाच काचाही आत-बाहेर धुवून घ्या, चुलीच्या खोलीतली आतून काळी होते ती साबणाच्या पाण्याने निघते, पॉलीकार्बोनेटला तारेचा ब्रश लावू नका. मे महिन्यात फारच तापत असेल तर बाहेरून हिरवी शेडनेट टाका, आतून पडदा लावून ताप थांबत नाही, तो आत आलेलाच असतो. मृगाच्या आधी नेट काढा, नाहीतर तिच्यात पाला अडकून पाणी तुंबेल. आणि काचेची कौलं घेताना चार जादा घेऊन त्याच कारखान्याची माळ्यावर उभी करून ठेवा, पुढच्या वेळेस तो साचा दुकानात मिळेलच असं नाही.